प्रकल्प नोंदी: ० ते १५ व्होल्टचा बेंच पॉवर सप्लाय

३ मार्च २०२४, रविवार

भाच्याचा ईएसपी३२ बोर्ड (वायफाय असलेला छोटा कंट्रोलर बोर्ड) आज जळला. नववीतला मुलगा, तीन महिने खाऊचे पैसे साठवून घेतलेला बोर्ड. १२ व्होल्टच्या अडॅप्टरवरून छोट्या बक मॉड्यूलने (व्होल्टेज उतरवणाऱ्या तयार बोर्डाने) ३.३ व्होल्ट काढून तो थेट ३.३ च्या पिनवर देत होता. मॉड्यूलवरच्या निळ्या प्रीसेटला (व्होल्टेज ठरवणाऱ्या स्क्रूला) स्क्रूड्रायव्हरचा धक्का लागला आणि व्होल्टेज कुठच्या कुठे गेलं. ईएसपी३२ च्या चिपची सहनशक्ती ३.६ व्होल्टपर्यंतच. धूर नाही, आवाज नाही, बोर्ड नुसता गरम झाला आणि गप्प बसला.

"मावशी, माझंच चुकलं ना?" म्हणाला. मला ते फार लागलं. चूक त्याची नाही. शिकणाऱ्याचा हात चुकणारच. हाताखालचा सप्लाय, म्हणजे हवं ते व्होल्टेज देणारी टेबलावरची पेटी, तो चुकणार हे धरूनच बनवलेला असला पाहिजे. तसा एक मी त्याच्यासाठी बनवणार आहे, आणि रोज काय केलं ते इथे लिहीत जाणार आहे.

५ मार्च

काय हवंय ते आधी ठरवलं. ० ते १५ व्होल्ट, दीड अँपिअर. ३० व्होल्ट, ५ अँपिअर असे आकडे डोळ्यांना बरे वाटतात, पण या मुलाला लागणार ३.३, ५, ९ आणि फार तर १२. प्रवाहाची मर्यादा मात्र बाहेरच्या नॉबवरून आणि अगदी खालपासून लावता आली पाहिजे, २० मिलिअँपिअरपासून. माझ्या लेखी या सप्लायचं मुख्य काम तेच आहे, व्होल्टेज त्यानंतर.

रात्री बाबांना सांगलीला फोन केला. त्यांनी तीस वर्षं रेडिओ-टीव्ही दुरुस्तीचं दुकान चालवलं. "अगं, एलएम३१७ लाव आणि मोकळी हो," म्हणाले. ३१७, व्होल्टेज स्थिर राखणारा तयार रेग्युलेटर, चांगलाच आहे. पण तो १.२५ व्होल्टच्या खाली येत नाही, आणि त्याची प्रवाहमर्यादा त्याच्या पोटात असते, आपल्या हातात नसते. बाबांच्या दुकानातला सप्लाय ७२३ वर होता. बॉब विडलर यांनी फेअरचाइल्डमध्ये १९६७ च्या सुमारास केलेली ही आयसी, पुढे दोन २एन३०५५ ट्रान्झिस्टर. त्यात मर्यादा होती, पण ती एका ठरावीक रेझिस्टरने बांधलेली. मला दोन वेगळे नॉब हवेत, म्हणजे दोन ऑपअँप (दोन व्होल्टेजांची तुलना करून आपलं आउटपुट वरखाली करणारे): एक व्होल्टेज राखणारा, एक प्रवाह राखणारा. ज्याचं म्हणणं खालचं, त्याचं ट्रान्झिस्टरने ऐकायचं.

स्विचिंग (झटपट चालू-बंद करून व्होल्टेज उतरवणारं) नको, लिनिअरच (जास्तीचं व्होल्टेज उष्णतेत घालवणारं) करायचं. उष्णता होईल, वजन होईल. पण विजेची खरखर (नॉइज) नसलेला स्वच्छ डीसी मिळेल आणि मंडल (सर्किट) कागदावर रेषेरेषेने समजावून सांगता येईल. भाच्याला तेही शिकवायचं आहे.

१० मार्च, रविवार

ट्रान्सफॉर्मर घेतला. रविवारी पुण्याच्या बुधवार पेठेतली बरीच दुकानं बंद असतात, त्यामुळे काल ऑफिसातून परस्पर पासोड्या विठोबाजवळ गेले आणि मग तापकीर गल्लीत शिरले. इंटरनेटवर जागोजागी दिसणारं ३० व्होल्टचं मंडल आधी डोक्यात होतं, पण ते आकड्यांत बसत नाही हे घरीच लक्षात आलं होतं. त्यात २४ व्होल्ट एसीचा ट्रान्सफॉर्मर आणि टीएल०८१ ऑपअँप असतात. टीएल०८१ ला दोन टोकांमध्ये जास्तीत जास्त ३६ व्होल्ट चालतात. २४ चं शिखर (एसी लहरीचं सर्वांत वरचं टोक) ३४ च्या जवळ, लोड नसताना आणखी वर, आणि शिवाय खालच्या बाजूला उणे ५ व्होल्टचा सप्लाय. चालतं, चालतं आणि एक दिवस जातं. असं मंडल मी लहान मुलाच्या हातात देणार नाही.

म्हणून उलटीकडून हिशेब केला. ऑपअँप एलएम३५८, सहज मिळणारा, इनपुट शून्यापर्यंत जाणारा, कमाल ३२ व्होल्टचा. आपल्याकडचे २३० व्होल्ट दहा टक्के वरखाली होतात असं धरायचं, म्हणजे २०७ ते २५३. १८ व्होल्टचा ट्रान्सफॉर्मर बिनलोडाचा साधारण दहा टक्के वर असतो, त्यात २५३ व्होल्ट आले तर शिखर ३०.८, ब्रिजमधले (एसीचं डीसी करणाऱ्या चार डायोडांपैकी) दोन डायोड वजा केले की २९.६. बसलं.

प्रवाहाचं मात्र दुकानदाराशी बोलताना नीट सांगावं लागलं. "दीड अँपिअर पायजे ना, मग दोनचा घ्या की." कपॅसिटरपुढचा ब्रिज सलग प्रवाह घेत नाही, शिखराजवळ झटक्याने घेतो. त्यामुळे डीसीला दीड अँपिअर हवे असतील तर ट्रान्सफॉर्मरच्या वळणांतून जाणारा आरएमएस प्रवाह (तापण्याच्या हिशेबाने धरायचा तो) त्याच्या १.६ ते १.८ पट असतो, म्हणजे २.४ ते २.७. ३ अँपिअरचाच घेतला. ९-०-९ मिळाला. दोन टोकांत १८, आणि मधली तार उरते ती उरते.

१३ मार्च

कपॅसिटर. ४७०० मायक्रोफॅरडच्या एकाने भागेल असं वाटत होतं. लिहून काढलं तर भागत नाही.

२०७ व्होल्ट आले तर शिखर २२.९, डायोडनंतर २१.१. ५० हर्ट्झच्या पूर्ण लहरीत दोन शिखरांमध्ये १० मिलिसेकंद असतात. १.५ अँपिअर, ०.०१ सेकंद, ४७०० मायक्रोफॅरड: ३.२ व्होल्टचा रिपल (व्होल्टेजचा चढउतार). दरीचा तळ १७.९ वर. मला वर किती हवेत? १५ आउटपुटचे, एलएम३५८ चं आउटपुट स्वतःच्या सप्लायच्या दीड व्होल्ट खालीच थांबतं, ते १.५, ट्रान्झिस्टरांच्या दोन बेस-एमिटर जोडांवर मिळून १.६, प्रवाह मोजायच्या ०.३३ ओहमवर ०.५, एमिटर रेझिस्टरवर ०.२. झाले १८.८. म्हणजे संध्याकाळी व्होल्टेज उतरलं की १५ व्होल्टच्या आउटपुटवर १०० हर्ट्झची गुणगुण येणार. ४७०० चे दोन लावले की रिपल १.६ आणि तळ १९.५. दोन लावायचे, ५० व्होल्टचे.

हा हिशेब कुणी करत नाही, आणि मग "मंडल चांगलं नाही" म्हणतात.

१७ मार्च, रविवार

उष्णता. सगळ्यात वाईट वेळ म्हणजे आउटपुट शॉर्ट आणि मर्यादा दीड अँपिअरवर. कपॅसिटरवर सरासरी साडेबावीस व्होल्ट, सगळे ट्रान्झिस्टरच्या अंगावर: ३४ वॅट.

टीआयपी३५सी ट्रान्झिस्टर एकच लावला तर? जंक्शन (आतली चिप) ते बॉडी १ अंश दर वॅटला, मायका (मधली विद्युतरोधक चकती) आणि पेस्ट अर्धा, माझ्याकडची ॲल्युमिनिअमची हीटसिंक (उष्णता हवेत सोडणारा तुकडा) दीड. बेरीज ३, गुणिले ३४, झाले १०२. पुण्याच्या एप्रिल-मेच्या दुपारी खोलीत ४० धरायचे. १४२ अंश, आणि त्याची हद्द १५०. मला हे पटत नाही.

दोन २एन३०५५ लावले तर प्रत्येकी १७ वॅट. यांचं १.५ आणि मायकाचं अर्धा, म्हणजे ३४ अंश; हीटसिंकचे ५१; हवेचे ४०. एकूण १२५, आणि धातूच्या बॉडीच्या ३०५५ ची हद्द २००. ऐसपैस. दोघांत प्रवाह सारखा वाटला जावा म्हणून प्रत्येकाच्या एमिटरला ०.२२ ओहम. दोघांना मिळून एक छोटा ट्रान्झिस्टर, बीडी१३९, चालवेल. त्याच्यावरही जेमतेम दोन वॅट येतील, तेव्हा त्यालाही पत्र्याचा तुकडा हवा. शिवाय दोन्ही ३०५५ च्या बेस-एमिटरमध्ये १०० ओहम, नाहीतर गरम झाल्यावरची गळती ० व्होल्टला ० राहू देणार नाही.

२५ मार्च, धुळवड

सुट्टी. बाहेर रंग, आत डाग. सकाळपासून झिरो पीसीबीवर (नुसत्या भोकांच्या बोर्डावर) बसले होते. मोठ्या प्रवाहाच्या वाटा पीसीबीवर ठेवल्याच नाहीत, जाड तारेने बाहेरून नेल्या. संदर्भ व्होल्टेज टीएल४३१ चं, अडीच व्होल्ट. त्यातून पॉटने (नॉबच्या बदलत्या रेझिस्टरने) ० ते अडीच घ्यायचे आणि १० के-२ के च्या जोडीने सहापट करायचे, की ० ते १५.

एक छोटी गोष्ट आवर्जून लिहून ठेवते. पॉटच्या मधल्या पायापासून शून्याला १०० के चा रेझिस्टर लावला आहे. पॉट जुना झाला की मधला पाय कधीतरी पट्टी सोडतो. तो सुटला तर ऑपअँपच्या त्या इनपुटला धनीच नसतो आणि आउटपुट वर पळू शकतं. आता तसं झालं तर ते शून्याकडे जाईल. एक रुपयाही न लागणारा हा रेझिस्टर फार थोड्या मंडलांत दिसतो.

पहिल्यांदा वीज द्यायची होती तेव्हा बाबांचा फोन आलाच. "सिरीज बल्ब लावलायस का?" लावला होता. ६० वॅटचा पिवळा बल्ब फेजच्या तारेत सिरीजमध्ये. आत कुठे शॉर्ट असेल तर बल्ब भकभकून पेटतो आणि बाकी सगळं वाचतं. बल्ब कपॅसिटर भरेपर्यंत क्षणभर उजळला आणि विझला. आउटपुटला ५.०० लावले, ५.०० आले. ट्रान्झिस्टर अजून हीटसिंकवर कसलेले नसल्याने लोड दिला नाही.

३१ मार्च, रविवार

दोनांपैकी एक ३०५५ मेला.

जोडी लावण्याआधी एकेकाला वेगळं तापवून बघायचं ठरवलं होतं. हीटसिंकवर मायका, पेस्ट, स्क्रू घट्ट. अंगावर २० व्होल्ट, प्रवाह १.२ अँपिअर, म्हणजे २४ वॅट. खऱ्या ३०५५ ने हे दिवसभर सोसावं. मिनिटही झालं नाही. मीटरवरचा प्रवाह एकदम वर गेला आणि कलेक्टर-एमिटर आरपार शॉर्ट.

करवतीने टोपी कापली. आत सिलिकॉनचा तुकडा जेमतेम दीड-दोन मिलिमीटरचा. एवढ्याशा चिपमधून उष्णता खाली उतरणार कशी? वर छापलेलं नाव आणि नंबर मात्र झकास. दुकानदाराला दोष देत नाही, त्यालाही कुणीतरी तसाच दिला असेल. पण यातून एक गोष्ट कळली आणि ती गंभीर आहे: पास ट्रान्झिस्टर (लोडचा सगळा प्रवाह ज्यातून जातो तो) मरतो तेव्हा बहुतेक वेळा शॉर्ट होऊन मरतो, आणि मग आतले सगळे २२ व्होल्ट लोडवर जातात. प्रवाहाची मर्यादाही तेव्हा काही करू शकत नाही. म्हणून इथे काटकसर चालणार नाही.

बाबांना सांगितलं. ते थोडा वेळ गप्प होते, मग म्हणाले, "माझ्याकडं जुने चार पडलेत. दुकान बंद केलं तेव्हा काढून ठेवलेले. धाडतो."

५ एप्रिल

सांगलीहून एसटीच्या पार्सलने डबा आला. चार ३०५५, प्रत्येक वर्तमानपत्राच्या कागदात गुंडाळलेला, आणि एक पाचवा, मेलेला, टोपी आधीच कापलेला. त्यावर चिकटपट्टी: "बघ, चिप अशी असते." माझ्या मेलेल्याशेजारी ठेवून पाहिली. कितीतरी पट मोठी. चौघांनाही अर्धा-अर्धा तास २४ वॅटवर तापवलं. चौघेही शाबूत. जवळपास सारख्या गेनचे (प्रवाह वाढवण्याच्या पटीचे) दोन निवडले.

७ एप्रिल, रविवार

आजचा दिवस या सगळ्या कामातला सर्वांत शिकवणारा होता, म्हणून सविस्तर लिहिते.

१२.०० व्होल्ट लावले. लोड नाही: १२.००. सिमेंट रेझिस्टर लावून अर्धा अँपिअर: ११.८३. एक अँपिअर: ११.६७. दीड: ११.५०. सप्लाय सरळ रेषेत खचत होता. ऑपअँप तर नेमकं हेच होऊ न देण्यासाठी बसवला आहे. आधी तारांवर संशय घेतला, मग बनाना सॉकेटच्या नटवर, मग टीएल४३१ वर. संदर्भ मोजला तर तो हललेलाच नाही. ऑपअँपच्या दोन इनपुटांमधला फरकही शून्य. म्हणजे ऑपअँपच्या दृष्टीने सगळं ठीक होतं आणि माझ्या मीटरच्या दृष्टीने नव्हतं.

चहा घेताना उत्तर सापडलं. दीड अँपिअरला अर्धा व्होल्ट. ०.३३ गुणिले दीड. प्रवाह मोजायचा रेझिस्टर मी आउटपुटच्या ऋण टोकात आणि कपॅसिटरच्या ऋण टोकामध्ये ठेवला आहे, आणि मंडलाचा शून्य कपॅसिटरकडे धरला आहे. ऑपअँप त्या शून्यापासून धन टोकापर्यंत इमानाने १२ व्होल्ट राखत होता. पण लोड जोडला आहे तो दुसऱ्या बाजूला, आणि ते ऋण टोक प्रवाहाबरोबर अर्धा व्होल्ट वर उचललं जात होतं. लोकांना व्होल्टेज कुठे मिळतं आणि आपण ते कुठून मोजतो, या दोन जागा एक नव्हत्या.

मग शून्याचा बिंदूच हलवला. टीएल४३१ चा खालचा पाय, २ के चं खालचं टोक, पॉटचं खालचं टोक, सगळं आउटपुटच्या ऋण सॉकेटवर एकाच ठिकाणी आणलं, अगदी सॉकेटच्या नटाखालच्या टॅगवर. ऑपअँपचा ऋण सप्लाय मात्र कपॅसिटरकडेच ठेवला. आता तो शून्याच्या अर्धा व्होल्टपर्यंत खाली जातो, त्याने बिघडत काही नाही, उलट ऑपअँपला शून्याजवळ थोडी जास्त मोकळीक मिळते. प्रवाहाचा सिग्नल आता उणे येतो. तो आणि मर्यादेच्या पॉटचं अधिक व्होल्टेज एका बिंदूत मिळवलं, आणि तो बिंदू शून्याच्या खाली जाऊ लागला की प्रवाहाच्या ऑपअँपने ट्रान्झिस्टरला आवरायचं.

पुन्हा १२.००. दीड अँपिअर: ११.९९. तो एक शतांशाचा फरक टॅगपासून मीटरच्या पिनेपर्यंतचा असावा.

९ एप्रिल, पाडवा

फक्त अर्धा तास दिला. मर्यादेच्या ऑपअँपला ऑफसेटचा (त्याच्या इनपुटमधल्या जन्मजात फरकाचा) प्रीसेट लावला. ०.३३ ओहमवर २० मिलिअँपिअर म्हणजे ६.६ मिलिव्होल्ट, आणि एलएम३५८ चा स्वतःचा ऑफसेटच ७ पर्यंत असू शकतो. न जुळवता २० ची मर्यादा लावणं म्हणजे अंदाजाने फोडणी घालणं.

१४ एप्रिल, रविवार

एलईडीची परीक्षा. १२ व्होल्ट, मर्यादा २० मिलिअँपिअर, आणि रेझिस्टरशिवाय लाल एलईडी थेट सॉकेटला. भाचा कधी ना कधी हे करणारच.

एलईडी एकदाच चमकली आणि मेली. दुसरीही.

मर्यादा बरोबर होती, मीटरने पुन्हा तपासली. दोष आउटपुटवरच्या कपॅसिटरचा होता. सवयीने ४७० मायक्रोफॅरडचा टाकला होता. तो १२ व्होल्टला भरलेला असतो, त्यात ३४ मिलिजूल ऊर्जा असते, आणि तो लोडच्या बाजूला बसलेला असल्यामुळे त्यातून निघणारा प्रवाह मोजायच्या रेझिस्टरमधून जातच नाही. मर्यादेच्या ऑपअँपला पत्ता लागायच्या आत एलईडी संपलेली. बाजारातल्या सप्लायमध्येसुद्धा हा कपॅसिटर मोठा असला की हेच होतं. सप्लाय घेताना लोक व्होल्ट-अँपिअर विचारतात, आउटपुटला किती मायक्रोफॅरड आहेत हे विचारत नाहीत. विचारलं पाहिजे.

१० मायक्रोफॅरडचा लावला. ऊर्जा ०.७२ मिलिजूल. एलईडी जोडताना झबकन चमकते आणि मग शांत २० मिलिअँपिअरवर बसते. त्याच एका एलईडीला वीस वेळा लावलं-काढलं. जिवंत आहे.

बाबा म्हणाले, "कपॅसिटर मोठा तेवढा चांगला असं आम्ही समजायचो." ब्रिजमागे खरंच तसं आहे, आउटपुटला नाही.

२१ एप्रिल, रविवार

कपॅसिटर लहान केल्याचा परिणाम दुसरीकडे दिसणार हे माहीत होतं, आज स्कोप (व्होल्टेजची लहर दाखवणारं यंत्र) लावून पाहिला. ३.३ व्होल्ट, मर्यादा अर्धा अँपिअर. आउटपुट शॉर्ट करायचं आणि शॉर्ट सोडायचं. सुटताना किती वर उडी जाते ते पकडायचं.

७.६ व्होल्ट. भाच्याचा बोर्ड पुन्हा जळला असता.

कारण असं: शॉर्ट असताना व्होल्टेजचा ऑपअँप "कमी आहे, कमी आहे" म्हणत आपलं आउटपुट वरच्या टोकाला नेऊन ठेवतो. शॉर्ट सुटल्यावर त्याला तिथून खाली यायचं असतं, आणि एलएम३५८ एका मायक्रोसेकंदाला ०.३ व्होल्ट इतक्याच गतीने उतरतो. २५-२६ व्होल्ट उतरायला ९० मायक्रोसेकंदांच्या आसपास. तेवढा वेळ अर्धा अँपिअर १० मायक्रोफॅरडमध्ये भरत राहतो: मायक्रोसेकंदाला ०.०५ व्होल्ट, नव्वदला साडेचार. ३.३ आणि ४.५ मिळून ७.८. कागद आणि स्कोप इतके जवळ आले की वाईट बातमी असूनही बरं वाटलं.

कपॅसिटर परत मोठा करणं हा उपाय नाही, एलईडी मरेल. ऑपअँपच चपळ हवा. एमसी३४०७२ मागवून ठेवला होता: पाय एलएम३५८ सारखेच, ४४ व्होल्टपर्यंतचा सप्लाय, इनपुट खालपर्यंत जाणारा, आणि उतरण्याचा वेग मायक्रोसेकंदाला १३ व्होल्ट. सॉकेटमधून जुना काढला, नवा बसवला. कॉम्पेन्सेशनचा (आउटपुट आपोआप डोलू नये म्हणून लावलेला) कपॅसिटरही १ नॅनोफॅरडवरून १०० पिकोफॅरडवर आणला, कारण तोही शॉर्टमध्ये भरून बसतो आणि रिकामा व्हायला वेळ घेतो.

आणि सप्लाय गायला लागला, म्हणजे आउटपुट आपोआप डोलू लागलं. लोड हलका असताना स्कोपवर १८० किलोहर्ट्झची जाड पट्टी. ३०५५ हा मुळात संथ ट्रान्झिस्टर, त्याच्यापुढे एवढा उतावळा ऑपअँप. २२० पिकोफॅरडला पट्टी बारीक झाली, ३३० ला गेली. लांब तारा लावून, तारांच्या टोकाला ०.१ मायक्रोफॅरडचा सिरॅमिक लावून, ० ते दीड अँपिअर फिरवून पाहिलं. शांत. आउटपुटवर कायमचा १ के चा रेझिस्टरही टाकला, म्हणजे ट्रान्झिस्टर कधीच पूर्ण बिनकामाचे राहत नाहीत.

शॉर्ट सोडल्यावरची उडी आता ३.९ पर्यंत. मर्यादा ०.२ अँपिअरला असेल तर ३.५५. ही बिनबोर्डाची, सर्वांत कठोर परीक्षा आहे; बोर्डावर स्वतःचे कपॅसिटर असतात, त्यामुळे उडी आणखी लहान होते. तरी सप्लायच्या टोपीवर आतून चिठ्ठी लावणार आहे की ३.३ वर काम करताना मर्यादा आधी खाली आणायची.

मेन्स बंद करतानाही स्कोप लावून पाहिलं, दहा वेळा. आउटपुट फक्त खाली जातं, वर कुठेही उसळत नाही.

२८ एप्रिल, रविवार

खोलीत ३६ अंश. आउटपुट शॉर्ट, दीड अँपिअर, पंचवीस मिनिटं. हीटसिंक ८८ अंशांवर. हिशेब ८७ सांगत होता. ट्रान्झिस्टर सुखात आहेत, पण ८८ अंशाला चौदा वर्षांच्या मुलाचा हात लागला तर भाजेल.

पंखा लावायचा विचार केला. बाबांनी विचारलं, "नऊ-शून्य-नऊ घेतलायस ना? मधल्या तारेचं काय केलंस?" टेप लावून दुमडून ठेवली होती.

ती तार वापरायला रिले (विजेने चालणारा स्विच) लावला. आउटपुट ५.८ च्या वर गेलं की ब्रिजला १८ व्होल्ट, ५.२ च्या खाली आलं की ९. काढून ठेवलेला एलएम३५८ या कामाला लागला, तुलना करायला तो पुरेसा आहे. मधल्या ०.६ च्या अंतरामुळे रिले उगाच टकटक करत नाही, आणि ५ व्होल्ट, ज्यावर भाच्याचं निम्मं काम चालेल, ते खालच्या वळणावर येतात. ऑपअँपना मात्र ९ व्होल्टची बाजू पुरत नाही, म्हणून त्यांच्यासाठी १८ च्या टोकावरून वेगळा डायोड आणि ४७० मायक्रोफॅरड. त्यांना लागतात किती, काही मिलिअँपिअर.

पुन्हा शॉर्ट, पुन्हा पंचवीस मिनिटं. ५९ अंश. १५ वॅटच होतात आता. सर्वांत तापदायक जागा सहा व्होल्टला सरकली, तिथे ७४. जाळीचं झाकण लावते.

५ मे, रविवार

पेटी. भोकं पाडण्यात दिवस गेला, त्याबद्दल लिहिण्यासारखं फार नाही. तीन पिनांची वायर, पेटीत शिरते तिथे ग्लँड, दोन्ही तारा तोडणारा स्विच, अर्ध्या अँपिअरचा स्लो-ब्लो फ्यूज. अर्थिंगची तार पेटीच्या पत्र्याला, रंग खरवडून, स्टार वॉशर घालून, आणि त्या स्क्रूवर दुसरं काहीही नाही. आउटपुटचं ऋण टोक अर्थिंगला जोडलेलं नाही. त्यासाठी वेगळा हिरवा सॉकेट आहे, हवं तेव्हा पट्टीने जोडता येतो.

लाल-निळ्या आकड्यांचं तयार व्होल्ट-अँपिअर मीटर लावलं. यात एक फसगत आहे: त्याच्या सप्लायची बारीक काळी तार आणि प्रवाह मोजायची जाड काळी तार आतून एकच असतात. मीटरला आपल्याच मंडलातून वीज दिली तर लोडचा प्रवाह बारीक तारेची आडवाट धरतो आणि आकडा चुकतो, किंवा तार जळते. म्हणून मीटरला वेगळी, कुठेही न जोडलेली ५ व्होल्टची बाजू दिली, जुन्या मोबाइल चार्जरच्या बोर्डाची, प्लास्टिकच्या डबीत बंद करून.

आउटपुटवर दोन १एन५४०८. एक उलटा सॉकेटवर, मोटर वगैरेंच्या उलट्या झटक्यासाठी; दुसरा आउटपुटकडून आतल्या कपॅसिटरकडे, कुणी बॅटरी जोडून ठेवली आणि मेन्स बंद केला तर ट्रान्झिस्टर उलटे होऊ नयेत म्हणून.

१२ मे, रविवार

भाचा आला. मी काही समजावलं नाही, नॉब दाखवले आणि बाजूला बसले.

त्याने आधी मर्यादा शून्यावर आणली. मग व्होल्टेज ३.३ ला, मीटर बघत. मग टोकं शॉर्ट करून मर्यादा ०.२५ ला लावली. हे त्याने कुठून उचललं कुणास ठाऊक, बहुधा आजोबांशी फोनवर बोलला असेल. नवीन बोर्ड जोडला. ०.०५. वायफाय चालू झालं तसा आकडा उड्या मारू लागला, आणि एकदा मर्यादेचा लाल दिवा लुकलुकला. "मावशी, हा जास्त मागतोय." त्याने ०.५ केलं. दिवा गेला.

मग माझ्याकडे न बघता ब्रेडबोर्डवर एक तार उपटून भलत्या ओळीत खोचली. लाल दिवा, व्होल्टेज ०.३, प्रवाह ०.५० वर ठाम. तार काढली. ३.३०. बोर्ड परत सुरू.

"मुद्दाम केलंस?"

"हो. बघायचं होतं."

राहिलेली कामं: नॉबभोवती आकड्यांची पट्टी छापून लावणे, टोपीच्या आतली चिठ्ठी, मंडलाची स्वच्छ प्रत सांगलीला पाठवणे. उरलेले दोन ३०५५ डब्यात ठेवले आहेत, त्याच कागदात.